लेकीची काडतुसं आणि दीड डॉलरचा फरक

आधीच सांगते, मला बंदुकांची हौस कधीच नव्हती. मी मूळची कोल्हापूरची, सतरा वर्षं झाली मिनेसोटात राहून. लेक केजीत असताना एक दिवस घरी येऊन म्हणाली, आई आज आम्ही दिवे घालवून कोपऱ्यात गप्प बसायची प्रॅक्टिस केली, कुणी बंदूक घेऊन शाळेत आलं तर काय करायचं त्याची. त्या दिवसापासून मला त्या वस्तूचं नाव काढलेलंही नको व्हायचं. त्यामुळे २०२२ च्या फेब्रुवारीत आठवीतली तीच लेक शाळेच्या ट्रॅप टीमचा फॉर्म घेऊन समोर उभी राहिली तेव्हा मी तो वाचलासुद्धा नाही, नाही म्हणजे नाही म्हटलं आणि पोळ्या लाटायला लागले.

ट्रॅप म्हणजे बशीएवढी तबकडी मशीनमधून लांब उडते आणि ती हवेत असतानाच छर्‍याच्या बंदुकीने, म्हणजे शॉटगनने, फोडायची, तिच्या एका काडतुसातून पुष्कळ बारीक छर्रे एकदम सुटतात. इथे हायस्कूलच्या मुलांची क्ले टार्गेट लीग २००१ पासून आहे, सहावी ते बारावीची मुलं-मुली एकाच टीमात खेळतात, सगळं शूटिंग गावाबाहेरच्या गन क्लबवर होतं, शाळेच्या आवारात बंदूकही न्यायची नाही आणि काडतूसही नाही. लेक सॉकरमध्ये दोन वर्षं बेंचवर बसून रडकुंडीला आली होती आणि इथे बेंचच नाही, प्रत्येकाला सारख्या तबकड्या मिळतात, हे तिला फार आवडलं होतं. मी बाबांना कोल्हापूरला फोन लावला, वाटलं ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, अगं तेजस्विनी सावंत कुठली आणि राही सरनोबत कुठली, दुसऱ्याच्या पोरींनी नेम धरला की आपण पेढे वाटायचे आणि आपल्या घरातली म्हणाली की नको, असं कसं चालेल? मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी सही केली.

लीगमध्ये उतरायला फायरआर्म सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं, तो कोर्स तिने केला आणि मीही शेजारी बसून पूर्ण केला, मोठ्यांनी केला तरी चालतो. कोचने सुरुवातीला टीमची २० बोअरची बंदूक दिली, बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, वजनाला हलकी, खांद्याला धक्का कमी. काडतुसं मात्र ज्याची त्याने आणायची. आणि मुलांना ती विकत घेता येत नाहीत, छर्‍याची किंवा रायफलची घ्यायला अठरा पूर्ण लागतात, पिस्तुलाच्या गोळ्यांना एकवीस, हा पूर्ण देशाचा कायदा आहे. म्हणजे हे काम आईबापांकडे.

इथे आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं सांगते, कारण टीममधल्या एका तेलुगू कुटुंबाला हे माहीत नव्हतं. तुम्ही एच-वन किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर फक्त बंदूकच नाही, काडतूसही जवळ बाळगणं कायद्याने बंद आहे, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत पण ते नीट समजून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊच नका. आम्हाला ग्रीन कार्ड २०१९ ला मिळालं होतं म्हणून आमचा प्रश्न सुटला. त्या घरी शेवटी वकिलाचा सल्ला घेऊन मगच मुलाचं नाव घातलं.

तर हिशोब असा. आठवड्याला ५० तबकड्या, म्हणजे ५० काडतुसं. एका बॉक्समध्ये २५ असतात, म्हणजे दोन बॉक्स. सरावाचा आणि राखीव आठवडा धरून सीझन सात आठवड्यांचा, झाले चौदा बॉक्स, आणि जूनमध्ये अलेक्झांड्रियाला राज्याची स्पर्धा असते तिथे १०० तबकड्या, आणखी चार. असे अठरा बॉक्स, जास्तीचा सराव वेगळा. मी म्हटलं डाळ-तांदूळ जसा आपण मोठ्या दुकानातून आणतो तसं हेही आणू, आणि हायवेलगतच्या एका मोठ्या डिस्काउंट दुकानात गेले, नाव सांगत नाही.

मागच्या भिंतीला काचेचं कपाट, कुलूप लावलेलं. चावीवाला माणूस येईपर्यंत वीस मिनिटं उभी. आला तो विशीतला मुलगा, बिचारा पेंट सेक्शनमधून धावत आला होता, बोलायला गोड. मी म्हटलं २० बोअरची द्या, मुलांच्या ट्रॅपसाठी, स्वस्तातली. त्याने कपाट उघडलं, गेम लोड लिहिलेले चार बॉक्स काढले, ड्रायव्हिंग लायसन्सवरची जन्मतारीख बघितली, पैसे घेतले, संपलं. आठ डॉलरला बॉक्स. मला तर वाटलं काम फत्ते झालं.

शनिवारी क्लबवर कोच प्रत्येकाचे बॉक्स बघत होता, लेकीचा बॉक्स हातात घेतला आणि बाजूला ठेवून दिला. बॉक्सवर छर्‍याचा नंबर ६ होता. ट्रॅपला साडेसात नंबर किंवा त्याहून बारीकच चालतो. मी म्हटलं मग सहा बारीक नाही का? तर नाही, उलट आहे, छर्‍याचा नंबर जितका लहान तितका छर्रा जाड. बोअरचंही तसंच उलटं, १२ बोअरची नळी रुंद आणि २० बोअरची अरुंद, कारण तो आकडा म्हणजे त्या नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती बसतात तो. जाड छर्रा जास्त लांब जातो, आणि क्लबने तबकड्यांच्या पलीकडे जेवढी मोकळी जागा सोडलेली असते ती बारीक छर्‍याच्या हिशोबाने, म्हणून हा नियम. सहा नंबर फेजंट नावाच्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा, बॉक्सवरचं गेम लोड म्हणजे शिकारीची काडतुसं. लेकीने त्या दिवशी मैत्रिणीकडून उसने बॉक्स घेतले आणि परत येताना गाडीत एक शब्द बोलली नाही, माझ्यावर रागावून नाही, तिला सगळ्यांसमोर लाज वाटली होती. ते मला फार लागलं.

संध्याकाळी मी बॉक्स परत करायला गेले तर काडतुसं परत घेत नाहीत म्हणाले. हे चुकीचं नाही, कुठलंही शहाणं दुकान एकदा बाहेर गेलेली काडतुसं परत घेत नाही, मधल्या काळात कुणी काय केलं कुणाला माहीत. पण म्हणूनच विकताना विचारायला हवं ना, घेणाऱ्याला नंतर सुधारायची संधीच नाही. त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आज पेंट, उद्या टायर, परवा काडतुसं.

कोच म्हणाला गावातल्या जुन्या दुकानात जा. आमच्या गावात तळ्याच्या रस्त्याला एक दुकान आहे, पुढच्या अर्ध्या भागात मासे पकडायच्या गळाचं सामान, टाकीत गळाला लावायचे जिवंत छोटे मासे, फ्रीजमध्ये अळ्यांचे डबे, आणि मागच्या अर्ध्या भागात बंदुका. मी तीन वेळा गाडी समोरून नेली आणि आत गेले नाही, खरं सांगते, भीती वाटली, साडी नाही तर निदान कुंकू लावलेली बाई बघून आतले लोक काय म्हणतील म्हणून. चौथ्यांदा लेक म्हणाली आई थांबव गाडी, मी जाते पुढे.

काउंटरमागे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मी काही बोलायच्या आत त्यांनी लेकीला विचारलं, कुठली टीम? मग बंदूक कुठली, नळीवर काय लिहिलंय, किती इंचाचं काडतूस घेते, किती राउंड झाले, खांदा दुखतो का, कुठे दुखतो, इथे की इथे. लेकीने दंडाजवळ हात लावला तर म्हणाले मग तू बंदूक खांद्यावर धरतच नाहीस, दंडावर धरतेस, आणि काउंटरवरून बाहेर येऊन एका रिकाम्या बंदुकीने तिला दाखवलं, आधी उघडून आत काही नाही हे स्वतः बघितलं, मग तिला बघायला लावलं, मग मला. दहा मिनिटं गेली यात आणि अजून एक डॉलरचाही धंदा झाला नव्हता.

नंतर त्यांनी एक बॉक्स फोडून एक काडतूस माझ्या हातात दिलं. पिवळं प्लास्टिक, खाली पितळी टोपी, वरच्या टोकाला पाकळ्या दुमडून कळी केल्यासारखी. त्याच्या अंगावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं, बोअर, लांबी पावणेतीन इंच, छर्‍यांचं वजन सात अष्टमांश औंस, नंबर ८. म्हणाले बॉक्स हरवतो, पावती हरवते, काडतूस स्वतःच सांगतं ते काय आहे, ते वाचायला शिका. कोल्हापुरात आमचे वाणी आईला तांदळाचे दाणे तळहातावर घेऊन दाखवायचे, हा नवा, पाणी कमी घाला, मला तेच आठवलं. बॉक्सला साडेनऊ डॉलर. दीड डॉलर जास्त. मी चार बॉक्स घेतले.

आता खरी गोष्ट सांगते जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

तीन आठवड्यांनी लेकीची ताकद वाढली, कोच म्हणाला आता १२ बोअर चालेल, गॅसवर चालणारी बघा, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्याच गॅसच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी, तिचा धक्का कमी बसेल. त्याच दुकानात एक वापरलेली मिळाली. बंदूक घेताना भरायचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरला, ग्रीन कार्डचा नंबर घातला, बॅकग्राउंड चेक झाला, नावावर माझ्या. मग मी म्हटलं आणि १२ ची चार बॉक्स द्या. ते बॉक्स काढायला वळले आणि थांबले. म्हणाले, घरी २० ची उरलीत?

म्हटलं असतील दहा-बारा.

कुठे आहेत?

मला नीट सांगता येईना. लेकीच्या कमरेचा पाउच गाडीत होता, त्यांनी तो आणायला लावला आणि काउंटरवर उलटा करायला सांगितला. उडवलेल्या काडतुसांची रिकामी कव्हरं, च्युइंगगमचे कागद, केसाचा रबर, आणि शिवणीत अडकलेलं एक पिवळं काडतूस टकटक करत काचेवर घरंगळत आलं.

ते काही बोलले नाहीत. खालच्या खणातून १२ बोअरच्या नळीचा एक कापलेला तुकडा काढला, मागचा वीतभर भाग, बाजूने अर्धा कापून आतलं दिसेल असा. आमचं पिवळं काडतूस त्यात सोडलं. ते आरामात आत घसरलं आणि थोडं पुढे जाऊन अडकलं, जिथे नळी अरुंद होते तिथे. मग म्हणाले, आता बंदूक उघडून मागून बघितलं तर काडतुसाचं घर रिकामं दिसतं. पोरीला वाटतं भरायचं राहिलं. ती १२ चं घालते. ते मागे व्यवस्थित बसतं. चाप ओढते. पुढे बूच मारलेलं आहे. नळी फुटते तेव्हा तिचा डावा हात बरोबर इथे असतो, आणि त्यांनी आपला हात त्या तुकड्याभोवती धरून दाखवला.

माझ्या पायातलं बळ गेलं. लेक पांढरीफटक. २० बोअरची काडतुसं पिवळी का असतात, तर याच्यासाठी, अपघात होऊन होऊन कंपन्यांनी तो रंग २० साठी ठेवलाय, लांबून ओळखू यावं म्हणून. ते मला कोर्समध्ये सांगितलं होतं, परीक्षेत बरोबर उत्तरही लिहिलं होतं मी. आणि तरी ते काडतूस पाउचमध्ये होतं. त्यांनी त्या दिवशी १२ ची काडतुसं दिलीच नाहीत. म्हणाले घरी जा, खिसे, बॅगा, गाडीच्या सीटखाली सगळं बघा, २० ची सगळी एका डब्यात घालून इथे किंवा कोचकडे द्या, मग या. गाडीच्या डिकीत आणखी दोन सापडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा कोचला दिला, त्याचबरोबर ते सहा नंबरचे चार बॉक्सही, तो ऑक्टोबरमध्ये फेजंटला जातो, त्याला उपयोगी पडले. मग १२ ची घेतली.

अठरा बॉक्सचे दीड डॉलरप्रमाणे जास्तीचे किती होतात ते मी घरी मांडलं होतं, २७ डॉलर. एका सीझनचे. नवरा हिशोबी माणूस आहे, प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी बघून घेणारा, त्याला मी फक्त पाउचची गोष्ट सांगितली, त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

त्या वर्षी माल मिळणंही सोपं नव्हतं. साथीच्या काळात काडतुसांची जी टंचाई झाली, मागच्या टोपीत जो ठिणगी टाकणारा प्रायमर असतो तोच कमी पडला, ती २०२२ पर्यंत पुरती सरली नव्हती. मोठ्या दुकानात माल आला की सकाळी दारात उभे असणारे चार लोक गाडी भरून घेऊन जायचे, दुपारी कपाट रिकामं. आमच्या दुकानात बाबांनी, मी त्यांना मनात बाबाच म्हणते आता, शाळेच्या मुलांची नावं वहीत लिहून ठेवली होती आणि प्रत्येकाला आठवड्याला दोन बॉक्स बाजूला काढलेले असायचे, पोस्टाच्या रबरबँडने चिठ्ठी लावून. लोक दुप्पट पैसे द्यायला तयार होते. त्यांनी दिले नाहीत. गंमत म्हणजे फेडरल या काडतुसांच्या कंपनीचा कारखाना आमच्याच राज्यात अनोकाला आहे, १९२२ पासून, इथून तासाच्या अंतरावर, तरी कपाट रिकामं.

मोठ्या दुकानातून काहीच घेत नाही असं मात्र नाही. आता मला काडतूस वाचता येतं, ब्रँड ठरलाय, आणि अलेक्झांड्रियाच्या आधी टीमला एकदम पेट्या लागतात, एका पेटीत दहा बॉक्स, उचलायला जवळजवळ बारा किलो, तेव्हा जिथे भाव चांगला तिथून टीम एकत्र घेते, सगळ्याच घरांना बॉक्समागे दीड डॉलर परवडत नाहीत आणि ते मी विसरू इच्छित नाही. दोन-तीन मुलं या खर्चामुळे गेल्या वर्षी टीम सोडून गेली. बाबांना याचं वाईट वाटत नाही, ते म्हणतात मोठ्या दुकानवाल्यांना पेटी ज्या भावात मिळते त्या भावात मला ती मिळतच नाही. पण पहिल्यांदा घेणाऱ्याने, आणि बंदूक बदलणाऱ्याने, आधी माणसाकडे जावं, कपाटाकडे नाही, हे मी प्रत्येक नव्या आईला सांगते.

माझ्या आबांकडे कोल्हापूरजवळच्या शेतावर बाराबोर होती, रानडुकरांसाठी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. काडतुसं किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं, दुकानदार विकली तेवढी त्यावर नोंदवून सही करायचा. मी बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं की इथे काडतुसांना फॉर्म नाही, नोंद नाही, हवी तेवढी घ्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, म्हणजे सगळं दुकानदाराच्या शहाणपणावर? दुकानातल्या बाबांना मी हे विचारलं तर म्हणाले पिस्तुलाच्या गोळ्यांची नोंद १९८६ पर्यंत ठेवावी लागायची, कोण आलं, काय नेलं, मग ते बंद झालं. काही राज्यांत आता काडतुसांनाही चेक आहे, कॅलिफोर्नियात २०१९ पासून, आमच्याकडे नाही. २०१९ लाच टेक्सासमधल्या एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाल्यावर वॉलमार्टने पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद केलं, शिकारीची काडतुसं ठेवली. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून रडले होते. माझं मत आजही तेच आहे, नोंद असावी, चेक असावा. बाबांचं मत वेगळं आहे, आम्ही त्यावर बोललोय, काउंटरच्या दोन बाजूंनी.

पण हेही बघितलंय मी. एका दुपारी एकजण आला, तोंडाला वास, त्याला दोन बॉक्स हवे होते. बाबांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले आज नाही. का, तर आज नाही. तो चिडला, शिव्या देऊन गेला. बाबांनी फोन उचलून कुणाला तरी सांगितलं, त्याच्या भावाला असावं, घरी जाऊन बघ जरा. कायद्यात त्या दिवशी त्यांना अडवायला सांगणारं काही होतं की नाही मला ठाऊक नाही आणि त्यांनीही पुस्तक उघडलं नाही.

घरी आमची पद्धत आता पक्की आहे. बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, चाव्या माझ्याकडे. पाउच प्रत्येक शनिवारी टेबलावर उलटा होतो, लेक स्वतः करते, मी शेजारी उभी असते. शिशाचा अंश हाताला लागतो म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, क्लबवर पहिल्यांदा मी शेंगदाण्याचे लाडू नेले तेव्हा कोचने सगळ्या पोरांना आधी नळावर पाठवलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं त्या दिवशी ते लाडू मी दुकानात नेले, बाबांना फोनवर फोटो दाखवला, हा आमच्या जिल्ह्यातला. त्यांनी चष्मा लावून त्याचा खांदा आणि कोपर बराच वेळ बघितला आणि लेकीला म्हणाले, बघ, कसं धरलंय.

लेक आता बारावीत आहे, येत्या मार्चला अठराची होईल. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली, त्या शनिवारी दुकानात मी एकटी जाणार, माझं लायसन्स दाखवून माझ्या पैशाने पहिला बॉक्स घेणार, आणि आई तू गाडीत बसायचंस.